साचा कापण्याआधी काहिलीजवळ बसा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्टार्टअप स्पर्धांच्या बातम्या आपल्या दैनिकात नेमानं येतात. पुठ्ठ्याचा मोठा धनादेश, शाल, श्रीफळ, मागं कॉलेजचा फलक. पोरांचं कौतुक व्हायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण बातमी कायम कल्पनेची असते, मालाची नसते. किती नग गेले, किती परत आले, पहिल्या वर्षी ज्यानं घेतला त्यानं दुसऱ्या वर्षी पाहुण्याला घ्यायला लावला का, हे कुणी विचारत नाही. नवं उत्पादन काढण्याचं खरं काम याच प्रश्नांत अडकलेलं असतं, म्हणून हे पत्र. जरा लांबलं आहे. कापायचंच झालं तर पेटंटचा मजकूर कापावा, हिशोबाचा कापू नये.

कोल्हापूरला वस्तू करता येत नाही, असं कुणी म्हणणार नाही. बाबूराव पेंटरांनी मूकपटाच्या काळात इथंच कॅमेरा बनवला. उद्यमनगरात इंजिनं झाली, शिरोली आणि गोकुळ शिरगावात ओतकाम उभं राहिलं. बीडाचं (कास्ट आयर्नचं) ओतकाम थंड होताना मीटरमागं साधारण 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतायची जागा घडवतात तो नमुना, तेवढा वाढवून ठेवायचा, हे इथल्या पॅटर्नमेकरला वेगळं शिकवावं लागत नाही. पण आपला सगळा सराव ‘ड्रॉइंग आणा, करून देतो’ असा आहे. ड्रॉइंग दुसऱ्याचं, वस्तू कशी हवी हे ठरवणारा दुसरा, आणि खपली नाही तर डोकेदुखीही त्याचीच. स्वतःचं उत्पादन काढायचं म्हटलं की नेमका हाच भाग कच्चा निघतो. मग काय होतं? ज्यात हात बसलाय तेच काम आधी होतं आणि प्लास्टिकचे नग काढायचा महागडा पोलादी साचा कापला जातो. बाबूराव पेंटरांची एक सोय होती, कॅमेरा बनवणारेही तेच आणि वापरणारेही तेच. आजच्या पोराला वापरणारा शोधत हिंडावं लागतं.

उदाहरण गुऱ्हाळाचं घेऊ, कारण ते आपल्याला माहीत आहे असं इथं प्रत्येकालाच वाटतं.

समजा, गुळाच्या काहिलीसाठी, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईसाठी, तापमान दाखवून वेळेवर भोंगा देणारी पेटी काढायची आहे. कल्पना चांगली आहे. रस आटत 105-106 अंशांच्या आसपास आला की काकवी, 118 ते 120 ला ढेपेचा गूळ. काहील आधी उतरली तर गूळ मऊ राहतो आणि टिकत नाही, उशिरा उतरली तर रंग जातो आणि चव करपट येते. आज हा निर्णय गुळव्या घेतो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळते का बघतो, बुडबुडा बघतो, वासही घेतो. कॉलेजातली मंडळी काय करतात, तर प्रयोगशाळेत पातेल्यात साखरेचा पाक करून त्यात सेन्सर बुडवतात. आकडा बरोबर येतो, बक्षीस मिळतं आणि पेटी गुऱ्हाळावर गेली की चौथ्या दिवशी खुंटीला लागते.

पहिला महिना त्यात इलेक्ट्रॉनिक्स काही नकोच. एक हातातला चांगला डिजिटल थर्मामीटर, एक वही, एक घड्याळ. करवीर, पन्हाळा, कागल भागातली दहा गुऱ्हाळं निवडा, प्रत्येकी तीन आधणं, म्हणजे रस आटवून गूळ करायच्या तीन पाळ्या, बघा. एक आधण अडीच-तीन तासांचं धरलं तर दिवसाला दोन होतात, म्हणजे पंधरा दिवसांचं काम. वहीत दर पाच मिनिटांनी तापमान, शेवटच्या पाव तासात दर मिनिटाला. गुळव्यानं ‘उतरा’ म्हटलं तो क्षण. उसाचं वाण कुठलं, 86032 की 92005, आणि ऊस किती शिळा. दुसऱ्या दिवशी ढेप कशी निघाली आणि बाजारात दर काय पडला, हेही त्याच ओळीत.

एवढं केलं तरी चार गोष्टी कळतात, ज्या लॅबमध्ये सात जन्मात कळल्या नसत्या. सगळ्यात मोठी म्हणजे काहिलीतली पातळी. रस आटून वजनानं पाचव्या हिश्शावर येतो. सुरुवातीला छान बुडालेलं सेन्सरचं टोक नेमकं शेवटी, जेव्हा त्याची गरज असते तेव्हा, फेसात लोंबकळत असतं आणि वाफेचं तापमान सांगतं. बरं, टोक तळाला टेकवलं तर ते पत्र्याचं तापमान दाखवणार, पाकाचं नाही. म्हणजे टोक तळापासून तीन-चार सेंटिमीटरवर हवं. काहील ओतताना ते एका हातानं उचलता यायला हवं, नाहीतर पहिल्याच ओतण्यात तुटेल. मळी काढणाऱ्याच्या झाऱ्यालाही ते आडवं येता कामा नये. शिवाय टोकावर पाकाचा थर बसतो आणि वाळून दगड होतो. प्रत्येक आधणानंतर कुणी ते घासणार नाही, हे गृहीत धरूनच आकार ठरवायचा. गुळगुळीत, खाचा नसलेली, स्टेनलेस 304 ची नळी ठेवली तर गरम पाण्याच्या बादलीत टाकून काम भागतं.

मग माणसं. इथं नवशिक्या प्रॉडक्ट मॅनेजरची, म्हणजे वस्तू कशी हवी हे ठरवणाऱ्याची, हमखास फसगत होते. पैसे देणार गुऱ्हाळाचा मालक आणि पेटी वापरणार गुळव्या. मालकाला वाटतं, पेटी आली की गुळव्याच्या रुसव्या-फुगव्यातून सुटलो. गुळव्याला नेमकी तीच भीती. असं यंत्र गुळव्याच्या हातात दिलं की ते बिघडतंच, त्याला तोडफोडही करावी लागत नाही. वायर सैल झाली तरी तो कुणाला सांगणार नाही, एवढं पुरतं. म्हणून पेटी गुळव्याचं हत्यार म्हणूनच घडवावी लागते. भोंगा कितीला वाजायचा तो आकडा कारखान्यातून पक्का करून पाठवायचा नाही, त्याच्या बोटानं बदलता यायला हवा. भोंगा दोन अंश आधी वाजावा, म्हणजे चूल मंद करायला आणि गोळी बघायला त्याला वेळ मिळेल. निर्णय त्याचाच राहतो, फक्त रात्री दोनच्या आधणाला डोळा लागला तर पेटी जागी असते. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण पेटी खुंटीला लागते की चालते ते त्यावरच ठरतं.

मालकाला प्रश्न विचारण्याचीही रीत आहे. ‘असं यंत्र आलं तर घ्याल का?’ हा प्रश्न कोल्हापुरात विचारूच नये. उत्तर ठरलेलं असतं, ‘आणा की, बघूया.’ आपल्याकडं पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही आणि या ‘बघूया’च्या भरवशावर लोकांनी कर्जं काढली आहेत. विचारायचं ते घडून गेलेलं. गेल्या हंगामात किती आधणं बिघडली? त्या गुळाचं काय केलं? दर किती कमी पडला? त्यावर काही उपाय केला होता का, त्याला किती पैसे घातले? ज्याला बिघडलेली आधणं आठवत नाहीत, त्याला ते दुखणंच नाही, पुढचं घर बघा. आणि शेवटी इसार मागा. पाचशे रुपये पुरेत, पण रोख. दहातल्या पाच जणांनी दिले तर काम पुढं न्यावं. दोघांनीच दिले तर वही मिटून दुसरा प्रश्न शोधावा. हा आकडा आधी लिहून भिंतीवर चिकटवायचा. नंतर ठरवला तर मन आपल्याच बाजूनं मोजतं.

काय घालायचं यापेक्षा काय घालायचं नाही, यात प्रॉडक्ट मॅनेजरचा जास्त वेळ जातो. परीक्षक, मित्र, गुंतवणूकदार सगळे म्हणणार, मोबाईल अॅप हवं. गुळव्याचे हात चिकट, भोवती वाफ आणि शेजारी चरक चाललेला. फोन खिशातून काढणार कोण? त्याला लागतात दहा पावलांवरून दिसणारे लाल आकडे आणि चरकाच्या आवाजावर चढणारा भोंगा, सोबत एक दिवा. आकड्यांसाठी साधा एलसीडी पडदा घेऊ नये, चुलवाणाजवळ तो तापून काळा पडतो. एलईडीचे सात दांड्यांचे आकडे घ्यावेत. अॅप, नोंदी, मालकाला घरी संदेश वगैरे दुसऱ्या वर्षी, तेही कुणी पैसे देऊन मागितलं तर.

आता सेन्सर. स्वस्त पडतो म्हणून के-टाईप थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या सांध्याचा सेन्सर, घेतात. त्याच्या सर्वसाधारण प्रतीची मान्य चूकच अडीच अंश कमी-जास्त अशी असते आणि आपल्याला पकडायचं आहे दोन अंशांचं अंतर! पीटी-100 घ्यावा, म्हणजे प्लॅटिनमचा, तापमानाबरोबर विजेचा रोध बदलणारा सेन्सर. ‘बी’ प्रतीतही 120 अंशांजवळ त्याची चूक एका अंशाच्या आत राहते. पण इथंही एक मेख आहे. पीटी-100 चा रोध एका अंशाला जेमतेम 0.38 ओहमनं बदलतो. 0.22 चौरस मिलिमीटर तांब्याची पाच मीटर केबल दोन तारांनी जोडली तर जाऊन-येऊन 0.8 ओहम तारेचाच होतो, म्हणजे पेटी दोन अंश जास्त दाखवते. गुळव्या दोन अंश आधी काहील उतरवतो, गूळ मऊ निघतो आणि शिव्या सेन्सरला बसतात. तीन तारांची जोडणी केली की हा घोळ मिटतो. वायरवर स्टीलची जाळी हवी, कारण गोड लागलेली वायर उंदीर सोडत नाहीत. जाड संरक्षक नळीचा मोह टाळावा. शेवटच्या मिनिटांत तापमान वेगानं चढतं आणि जाड नळीतला सेन्सर मागं राहतो. सहा मिलिमीटरची नळी थेट पाकात असली की पुरतं.

तपासणीतही आपल्या गावची एक गंमत आहे. बर्फाच्या पाण्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात शंभर अशी खूण सगळे करतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथं पाणी 98 च्या आसपास उकळतं. ते शंभर धरून पेटी ‘बरोबर’ केली तर सगळ्या हंगामाला दोन अंशांची चूक शिवली गेली म्हणून समजा. पाकाचंही तेच, हवेचा दाब कमी म्हणून तोही जरा खालीच उकळतो. पुस्तकातला 118 पेटीत कायमचा कोरायचा नाही, याचं हे दुसरं कारण. आपल्याकडं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. पहिला सुटा भाग मागवण्याआधी तिथं एक चक्कर मारावी.

वहीचं काम झालं की पाच पेट्या हातानं. बाजारातली तयार, धूळ आणि पाण्याचे फवारे अडवणारी आयपी-65 पेटी, भोकं पाडलेली, आत हातानं डाग दिलेला बोर्ड. थ्रीडी प्रिंटचे भाग वापरायचे तर पीएलए प्लास्टिक नको, ते साठ अंशांजवळ मऊ पडतं आणि चुलवाणाच्या बाजूला कणकेसारखं वाकतं. एबीएस प्लास्टिक चालतं. दिसायला ही पेटी वाईटच असते आणि तशीच असावी, म्हणजे लोक मोकळेपणानं दोष सांगतात. गुळगुळीत वस्तू हातात दिली की माणूस भिडेखातर ‘झकास’ म्हणतो. पाचांवर सुधारणा करून वीस. त्यासाठीही पोलादी साचा लागत नाही. एका चांगल्या नमुन्यावरून सिलिकॉनचा साचा करून वीसेक नग ओतता येतात. प्रत्येक पेटीवर क्रमांक, आणि कुठल्या क्रमांकात काय बदललं याची नोंद. एका वेळी एकच बदल. तीन बदल एकदम केले आणि पेटी सुधारली तर कशानं सुधारली ते कळत नाही. बिघडली तर मग बघायलाच नको.

या वीस पेट्या शहरापासून तास-दीड तासाच्या टप्प्यातच द्याव्यात. बिघडल्याचा फोन आला की मोटारसायकलवर जाता आलं पाहिजे, कारण पहिल्या वर्षीचं खरं शिक्षण त्या फेऱ्यांत होतं. यशाचं मापही आधीच ठरवावं. एका पेटीच्या तीस आधणांपैकी निदान चोवीस वेळा गुळव्यानं भोंग्यावर विश्वास ठेवून चूल मंद केली, तर पेटी जमली. पंधराच्या खाली गेलं तर आकार, रंग, जाहिरात बदलून काही होणार नाही, मूळच चुकलंय.

एवढं झाल्यावर इंजेक्शन मोल्डिंगचा साचा. तोवर नाही. साचा लाखांत जातो आणि पोलाद खरवडून काढता येतं, परत चिकटवणं महाग आणि कटकटीचं. म्हणून शंका असेल तिथं भिंत पातळ ठेवावी, जाड नंतर करता येते. भोक किंचित मोठं ठेवावं, कारण भोक म्हणजे साच्यातली पोलादाची पिन, ती घासली की भोक लहान होतं. एबीएसला अडीच मिलिमीटर भिंत, आतली रीब, म्हणजे भिंतीला बळ देणारी पट्टी, दीडच्या वर नको, नाहीतर बाहेरच्या अंगाला खळगा दिसतो. बाजूंना एक अंश उतार दिला नाही तर नग साच्यात धरतो आणि ओरखडे घेऊन बाहेर येतो. हे टूलरूमवाले सांगतातच, ऐकणारा घाईत असतो.

आता हिशोब, जिथं सगळ्यात जास्त जण बुडतात. समजा, एका पेटीचे सुटे भाग 1450 रुपयांना पडले. पोरगा म्हणतो, अडीच हजाराला विकू, हजार सुटले. बघू या. जोडणी आणि तपासणी 250, खोकं आणि वाहतूक 120, झाले 1820. वाया जाणारे नग आणि वॉरंटीत फुकट बदलून द्यायचे भाग मिळून आणखी 180 धरा. दोन हजार. आता अडीच हजारांतून 18 टक्के जीएसटी काढला तर उरतात 2119. दुकानदाराचे त्यातले 20 टक्के गेले की हातात 1695. म्हणजे हजार सुटणं राहिलं बाजूला, प्रत्येक पेटीमागं तीनशे पदरचे गेले, आणि जितकी विक्री जास्त तितका खड्डा मोठा. उलटीकडून मांडा. भाडं, पगार, फेऱ्या, पुढची सुधारणा यांसाठी विक्रीतले 40 टक्के हाती राहायचे तर दुकानदाराला पेटी 3333 ला द्यावी लागते. त्याच्या 20 टक्क्यांसह 4167, करासह 4917. तेव्हा खरा प्रश्न ‘अडीच हजाराला कोण घेईल’ हा नाही. एका हंगामात किती आधणं वाचली म्हणजे मालकाचे 4900 वसूल होतात, हा आहे. उत्तर पहिल्या पंधरा दिवसांच्या वहीत दर पडल्याच्या रकान्यात लिहिलेलं असतं. आणि मालकाच्या अंगणातली किंमत 3500 च्या वर जाणारच नसेल, तर दुकानदार वगळून थेट विकायचं किंवा भाग कमी करायचे. हे साच्याआधी कळलेलं बरं.

गुळासारख्या धंद्यात आणखी एक फास असतो, हंगामाचा. पेटी दसऱ्याला गुऱ्हाळावर पोहोचली नाही तर एक महिना नव्हे, एक वर्ष गेलं. साच्याला सहा ते आठ आठवडे, पहिल्या नगांतले दोष काढायला दोन-तीन, भाग मागवायला तेवढेच. म्हणजे जूनच्या मध्यात साच्याची ऑर्डर, मे-अखेर ड्रॉइंग बंद, त्या वीस पेट्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काहिलीवर, पाच पेट्या जानेवारीत आणि वही दिवाळीनंतर लगेच. स्पर्धा मात्र बहुधा परीक्षांच्या सोयीनं भरतात. मार्च-अखेर बक्षीस मिळालेल्या पोरानं गुऱ्हाळ गाठेपर्यंत चूल विझलेली असते.

पेटंटबद्दल थोडक्यात. अर्ज करण्याआधी वस्तू प्रदर्शनात मांडली किंवा तिची रचना वर्तमानपत्रात छापून आली तर नवेपणा गेला, असं धरून चालावं. त्यातल्या सवलती अगदी अरुंद आहेत. तात्पुरता अर्ज व्यक्तीला किंवा मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन 1600 रुपयांत करता येतो आणि पूर्ण तपशील भरायला 12 महिने मिळतात. तरी तापमापक आणि भोंगा एकत्र आणले म्हणजे शोध होत नाही. माहीत असलेल्या वस्तूंच्या नुसत्या जुळणीला आपला कायदा पेटंट देत नाही. उचलता येणाऱ्या सेन्सरच्या दांड्यात खरंच काही नवं असेल तर त्याचा अर्ज करावा. पेटीच्या रूपासाठी डिझाइन नोंदणी आहे, आधी दहा वर्षं आणि वाढवून आणखी पाच.

दोन मागण्या. उद्यमनगर आणि शिरोलीच्या कारखानदारांना विनंती, की महिन्यातला एक दिवस पाच-वीस नगांच्या कामाला ठेवावा. शंभराच्या खाली हात लावत नाही, हे धोरण मोठ्या ऑर्डरीच्या हिशोबानं बरोबर आहे, पण त्यामुळं वीस नगांच्या पायरीवरचा माणूस एकतर पुण्याला जातो, नाहीतर ती पायरी गाळून साचा कापतो. आणि आपल्या दैनिकाला विनंती, की स्टार्टअपच्या बातमीत बक्षिसाच्या रकमेशेजारी तीन आकडे छापावेत, इसार देणारे किती, चालू असलेले नग किती, परत आलेले किती. ज्यांच्याकडं हे आकडे नसतील त्यांचा फोटो पुढच्या हंगामात छापला तरी चालेल.

आपले,
उत्पादन-आरेखनाच्या कामातले दोन वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर